नोकरी सोडण्याचे कारण

दि. ३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं वहिनी तिच्या मनानं सांगते, म्हणून लिहायला बसले.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. इथल्या मोठ्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायला माणूस हवा आहे. कायमची जागा आहे. वयाची अट बेचाळीस, म्हणजे मला हे शेवटचंच वर्ष. परवा ते दालन बाहेरून बघून आले. मोठाल्या खिडक्या, लांबलचक टेबल, कोपऱ्यात चाक फिरवून पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, अगदी मास्तरांच्या बाइंडिंगखान्यात होतं तसं. खळीचा वास दारापर्यंत येत होता. दादा, मी तिथंच उभी राहून रडले. शिपाई म्हणाला, बाई, पुस्तक परत करायला उशीर झाला म्हणून कुणी इतकं मनाला लावून घेतं का!

नऊ वर्षं झाली मला ते काम सोडून. यांची बदलीमागून बदली, सासूबाईंचं आजारपण, मुलाची शाळा. यात माझी काही तक्रार नाही. पण अजून कुणाच्याही घरी पुस्तक हातात आलं की मी आधी त्याची पाठ दाबून बघते, मग नाव वाचते.

आता खरी अडचण ऐक. अर्जासोबत आधीच्या मालकाचं शिफारसपत्र हवं, आणि त्यात नोकरी सोडण्याचं कारण मालकाच्याच अक्षरात हवं. माझा मालक जन्मात एकच. चौदा वर्षं मास्तरांकडे काढली आणि कशी निघाले ते तुला माहीत आहे. दवाखान्याच्या चाळीस नोंदवह्या शिवल्या होत्या, त्यातल्या एकीत मधला फर्मा, म्हणजे घडीच्या पानांची एक जुडी, उलटा शिवला गेला. दवाखान्याचा माणूस येऊन ओरडला आणि मास्तर सगळ्यांसमोर मला म्हणाले की तुझं लक्ष आता कामात नाही, घरात आहे. मी एप्रन दाबयंत्रावर टाकला आणि चालती झाले. परत पाऊल टाकलं नाही.

तू त्याच गावात आहेस. जाऊन मास्तरांचा कानोसा घेशील का? ते लिहितील का, आणि लिहिलं तर काय लिहितील? अर्जाची मुदत पंधरा जुलै आहे.

कळावे, लोभ असावा. असेल तर उत्तर आठवड्यात यावं.

तुझी,
ठमी

&nbsp;

दि. ९ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वहिनीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि स्वतःबद्दलचं वाक्य बरोब्बर गाळलं. ते मी नंतर चष्मा लावून वाचलं.

अगं, एवढ्याशा कागदासाठी मास्तरांच्या पायऱ्या चढायच्या? आपल्या घरात टाइपरायटर कशाला आहे? तू अठरा वर्षांची असताना तुला तिथं लावली कुणी, आठवतंय ना? मुख्याध्यापिकाबाईंच्या नावानं मीच टाइप केलं होतं की ही मुलगी दोन वर्षं शाळेच्या दप्तरातल्या वह्या बांधते आहे. तू तोवर फक्त स्वतःच्या वह्यांना कव्हरं घातली होतीस, तीही वाकडी! टायपिंगचा क्लास मी बंद केला, पण यंत्र अजून चालतं. ‘ळ’ तेवढा पूर्वीसारखाच ओळीच्या वर उडी मारतो. त्या वेळी कुणाला कळलं नाही, आता नऊ वर्षांनी कोण खणत बसतंय? कारणाच्या जागी लिहू, कौटुंबिक. ते तर खोटंही नाही.

खरं सांगायचं तर मला मास्तरांची अजून भीती वाटते. मी तुला घ्यायला यायचो तेव्हा ते माझ्याकडे असे बघायचे, जणू माझीही शिलाई कुठंतरी सुटली आहे.

होकार कळव, एका दुपारचं काम आहे.

तुझा,
दादा

&nbsp;

दि. १४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खबरदार! त्या टाइपरायटरवर कापड टाक आणि त्यावर वहिनीला बसव.

एकदा केलंस, तेव्हा मी लहान होते आणि तू माझ्यासाठी केलंस, हे मी कधी विसरणार नाही. पण पहिले सहा महिने मी तिथं जीव मुठीत धरून काम केलं. मास्तरांनी शाळेच्या दप्तराबद्दल काही विचारलं की माझ्या तोंडचं पाणी पळायचं. आता या वयात तसं जगायचं नाही.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. मास्तरांचा नियम होता, प्रत्येकानं शेवटची गाठ आपल्या रंगाच्या दोऱ्यानं मारायची. वर पाठीचं कापड चढलं की ती कुणाला दिसत नाही. पण काम खराब होऊन परत आलं की मास्तर पाठ उघडायचे आणि कुणाचं ते न विचारता कळायचं. माझा दोरा हिरवा, म्हणून तिथं माझं नावच हिरवी पडलं होतं. निळी होती, तांबडे काका होते. डबे खाताना आम्ही सगळे रंग एका पुठ्ठ्याभोवती बसायचो. सरस उकळायला ठेवलेला असायचा, आणि तांबडे काका रोज म्हणायचे की आज आमटी घट्ट झाली. रोज तोच विनोद आणि रोज आम्ही हसायचो.

तर त्या दिवशी मी मास्तरांना म्हटलं होतं की पाठ उघडून बघा. त्या चाळीसपैकी शेवटच्या तीन वह्या मी शिवल्याच नव्हत्या. बाळाला ताप होता म्हणून आदल्या दिवशी लवकर घरी गेले होते. मास्तर म्हणाले, गरज नाही. चौदा वर्षांत प्रत्येकाची पाठ उघडली, माझीच तेवढी उघडली नाही. मला राग ओरडण्याचा नव्हता रे, याचा होता. अजून आहे.

तरी तू जा. लिहीत असतील तर त्यांच्या हातानं लिहू देत. वाईट लिहिलं तर वाईट.

कळावे, भीती वाटली तरी लोभ पातळ होऊ देऊ नये.

ठमी

&nbsp;

दि. २७ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

जाऊन आलो. आधी गुन्हा कबूल करतो. तू नको म्हणालीस तरी खिशात टाइप केलेला मसुदा नेला होता. म्हटलं, मास्तरांना नुसती सही करायची सोय.

बाइंडिंगखाना तू ओळखणार नाहीस. पुढची खोली मुलानं खोकी बनवायला घेतली आहे. मास्तर मागच्या खोलीत बसतात, खिडकीला पाठ लावून. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी अंगठ्यानं चाचपूनच कागद ओळखतात. दाबयंत्र आहे. तुझा एप्रन त्याच्याच चाकाला टांगलेला आहे. मी समजलो दुसऱ्या कुणाचा असेल, पण खिशावर वहिनीनं घातलेलं ठिगळ दिसलं.

मी आल्याचं कारण सांगितलं. मास्तरांनी माझ्यापुढे कागदाचा गठ्ठा आणि घडी घालायची हाडाची पट्टी सरकवली आणि तासभर मला घड्या घालायला लावल्या! मी ब्याण्णव घातल्या, त्यातल्या चार पसंत पडल्या. मग मी हळूच मसुदा पुढे केला. त्यांनी तो खिडकीपाशी धरला, अगदी नाकाला लावून वाचला आणि हसायला लागले. मी मास्तरांना हसताना प्रथमच पाहिलं. उठून कपाटातून एक पिवळा कागद काढला. ठमे, तो मुख्याध्यापिकाबाईंचा दाखला होता. शेजारी माझा मसुदा ठेवला. दोन्हीकडे ‘ळ’ उडी मारतोय.

म्हणाले, पहिल्या दिवशीच कळलं होतं. सोबतचा तुझा अर्ज आणि बाईंचा दाखला एकाच यंत्रावर झालेले, हे न कळायला ते काय आंधळे होते? तुला हाकलणारच होते, पण त्याआधी तुला एक फर्मा शिवायला दिला आणि तू दोरा कसा ओढतेस ते बघितलं. तेवीस वर्षं मी स्वतःला हुशार समजत होतो!

दुसऱ्या दिवशी बोलावून त्यांनी मला पाकीट दिलं. आत दोन कागद आहेत, एक ग्रंथालयाला, एक तुला. पाकीट उघडंच होतं आणि मी दोन्ही वाचले, रागाव हवं तर. पण ठमे, ग्रंथालयाचा कागद देऊ नकोस. त्यात माझ्या दाखल्याचंही लिहिलं आहे. हातानं पायावर धोंडा पाडून घेशील. त्यांना दुसरा लिहायला सांगतो.

तुझा घाबरलेला,
दादा

&nbsp;

(सोबतचे पत्र)

दि. २६ जून

चि. हिरवी हिस,
आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही. तू गेलीस त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्या वहीची पाठ उघडली. दोरा पांढरा होता. पांढरा माझा. तू बाळासाठी घरी गेलीस तेव्हा उरलेल्या तीन वह्या मीच शिवल्या होत्या. नजर तेव्हाच जायला लागली होती, पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. दुकानात कळलं असतं तर काम गेलं असतं, असं वाटायचं. सकाळी दवाखान्याचा माणूस ओरडला तेव्हा तोंडातून तुझं नाव निघालं. उघडून बघायला मी घाबरलो होतो, म्हणून गरज नाही म्हटलं.

उद्या जाऊन सांगू म्हणता म्हणता तुम्ही गाव सोडलंत. तुझा भाऊ इथंच होता, पत्ता मिळाला असता. मिळवला नाही, ही चूक वेगळी धरावी.

दवाखान्याला नवी वही दिली. ती जुनी माझ्याकडेच आहे. फेकवली नाही.

ग्रंथालयाला जे खरं ते लिहिलं आहे. तुला नको असेल तर देऊ नकोस. पण त्यांनी सोडण्याचं कारण माझ्या अक्षरात मागितलं आहे, आणि माझ्या अक्षरात दुसरं कारण येत नाही.

मास्तर

&nbsp;

दि. १२ ऑगस्ट

ती. मास्तर यांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. मुलानं विचारलं काय झालं, तर म्हटलं, नऊ वर्षांनी कुणीतरी माझी पाठ उघडून बघितली. त्याला काही कळलं नाही. मला तुमचा रागही आला, खोटं कशाला सांगू. त्याच संध्याकाळी उघडली होतीत आणि मला कळायला नऊ वर्षं जावी लागली! दोन दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. तिसऱ्या दिवशी भांडण संपलं, आणि नुसती तुमची आठवण यायला लागली.

दादानं लागोपाठ तीन पत्रं पाठवली की तो कागद देऊ नकोस. पण मी दिला. आमच्या घरात आधीच एक खोटा दाखला आणि एक खोटा मसुदा आहे, तिसरा लपवाछपवीचा कागद नको म्हटलं.

मुलाखतीला बोलावलं तेव्हा ग्रंथालयात आधी एक फाटकं पुस्तक शिवायला दिलं. पहिले दोन टाके वाकडे पडले. मग तुम्ही शिकवल्यासारखा दोरा मेणावरून ओढला आणि हातांना आपोआप आठवलं. त्यानंतर ग्रंथपालबाईंनी तुमचा कागद वाचला. एक वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं, ते मला पाठ झालं आहे: ही मुलगी माझ्याकडे खोट्या दाखल्यावर आली आणि माझ्या खोट्या आरोपावर गेली, मधली चौदा वर्षं खरी आहेत. मी मान खाली घालून बसले होते. बाईंनी विचारलं, दाखला कुणी केला. मी म्हटलं, भावानं. त्यांनी विचारलं, त्याला इथं नोकरी नको आहे ना? मी म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, मग हरकत नाही. पुढे म्हणाल्या की त्यांच्याकडे आलेल्या सगळ्या पत्रांत माणसं प्रामाणिक आणि कष्टाळूच असतात, पण लिहिणाऱ्यानं स्वतःची चूक लिहिलेलं हे पहिलंच. आणि असा माणूस दुसऱ्याला चांगलं म्हणतो, तर त्या ते मानतात.

एक तारखेपासून रुजू झाले आहे. शेवटची गाठ मी हिरवीच मारते. इथं कुणी सांगितलेलं नाही, पण मारते.

पुढच्या रविवारी मी गावी येते. माझा एप्रन चाकावरून काढू नका, मीच काढीन. आणि ती नोंदवही कपाटातून काढून ठेवा. तिच्यातला उलटा फर्मा आपण सुलट करू. तुम्हाला दिसत नाही, म्हणून सुई मी ओवीन आणि टाके मी घालीन. शेवटची गाठ मात्र तुम्ही मारायची. दोरा पांढराच आणते.

कळावे. लोभ होता, मधे तो कपाटात पडून राहिला. आता बाहेर काढावा.

आपली,
हिरवी