नळीचं कडवं

अंबरनाथ,
१६ एप्रिल १९९२

ती. गयाताईस,
सुदामचा सविनय जयभीम, वि. वि.

जयंती धूमधडाक्यात झाली. तू आली नाहीस म्हणून आई फुरंगटून बसली आहे. आपण समोरासमोर बसलो की आवाज चढतात, म्हणून भांडण पोस्टानेच करायचं हा नियम तिचाच. पण जयंतीला त्यातून सूट आहे म्हणते.

आता मोठी बातमी. इथल्या वसुंधरा कला मंडळाने उन्हाळाभर ‘तापती धरती’ नावाचा कार्यक्रम धरला आहे. धुराने पृथ्वी तापत चालली, समुद्र वर येणार, असं हल्ली पेपरात येतं ना, त्यावर भिंतींवर चित्रं, नाटुकली, गाणी. दर रविवारी शाळेच्या मैदानावर. चिटणीस दिनानाथ मास्तर, चित्रकलेचे रिटायर शिक्षक, तुमच्या कात्रपलाच राहतात. जयंतीत आपलं वालधुनी नदीचं गाणं ऐकून ते स्वतः माझ्या पेटीपाशी आले आणि आपल्या गायन पार्टीला १० मेचा रविवार देऊन गेले! दाजींना घेऊन ये. गुडघ्याचं कारण चालणार नाही.

लोभ आहेच, तो पत्रातून तरी दिसू दे.
तुझा सुदाम

•

कात्रप, बदलापूर,
२० एप्रिल १९९२

चि. सुदाम यास,
गयाताईचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून ऊर भरून आला. पण काल आमच्या गल्लीत त्या कार्यक्रमाची रिक्षा कर्णा लावून फिरली. मागच्या कापडावर मोठ्या अक्षरात तू कामाला आहेस त्याच रंगाच्या कंपनीचं नाव! मंडप त्यांचा, खुर्च्या त्यांच्या. ज्यांची नळी रोज नदीत रंगाचं पाणी ओकते, त्यांना एकाएकी धरतीचा एवढा पुळका कसा आला? मला तर यात काळंबेरं दिसतंय.

वालधुनीच्या गाण्यातलं माझं कडवं ते म्हणू देणार नाहीत, बघ तू. आईच्या पायांना त्या पाण्याने पहिल्यांदा फोड आले, त्या रात्री रचलं होतं मी ते.

सोमवारी तांबडी, मंगळवारी निळी,
नदीच्या पोटात सोडली कुणाची ही नळी?

कुणी तुला गोड बोलून हे गाळायला लावलं, तर आधी मला कळव. आईच्या पायांना खोबरेल लावत जा, आणि तिला नदीकडे धुणं घेऊन जाऊ देऊ नकोस.

जीव लावून असणारी,
तुझी गयाताई

•

अंबरनाथ,
२४ एप्रिल १९९२

ती. गयाताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं नाक तिखट खरं. मंडळाचा निरोप आला, तेवढं कडवं नको. गाणं साऱ्या पृथ्वीचं असावं, एका नाल्याचं गाऱ्हाणं नको, असं त्यांचं म्हणणं. मी काय करणार? मोठ्या माणसांपुढे आपलं काय चालतं? बाकी गाणं पुरं म्हणायचं आहे, तेच पुष्कळ झालं.

आणि तू तरी किती संशय घ्यायचा! तुझ्या चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी तू शेजारणीकडे बघशील. रागावू नकोस, पण लग्नानंतर तुझं गाणं सुटलं त्याची सल तर नाही ना ही, असं मनात येऊन गेलं.

चांगली बातमी अशी की जूनमध्ये मला पर्मनंट करणार, असं सुपरवायझर म्हणाले. सहा वर्षं टेंपररी राहिलो, आता सुटेन. आई आत्तापासून पेढ्यांचं बोलते.

राग पोस्टात टाक, माया घरी ठेव.
तुझा सुदाम

•

कात्रप,
२८ एप्रिल १९९२

चि. सुदाम यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र आलं आणि माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि तशीच दिनानाथ मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिले. कंपनीच्या मंडपाखाली बसून आमच्या गाण्याला कात्री लावता, लाज नाही वाटत का, असं तोंडावर विचारलं. शेजारचे लोक बाहेर आले.

मास्तरांनी मला आत बसवून पाणी दिलं. म्हणाले की बाई, त्या कडव्यासाठीच तर मी तुमच्या पार्टीला बोलावलं. मंडप कंपनीचा घेतला, तो त्याच मंडपात त्यांच्या कानावर हे जावं म्हणून. कडवं नको असं सुदामच सांगून गेले. कारण विचारलं, तर म्हणाले की रचणारी माझी मोठी बहीण आहे, तिलाच ते आता लोकांत म्हटलेलं आवडत नाही.

सुदाम, मी साऱ्या जगावर संशय घेतला. कंपनीवर, मंडळावर, त्या भल्या मास्तरांवर. तुझ्यावर नाही घेतला. मास्तरांपुढे मी तुला खोटं पाडलं नाही. हो, तसंच आहे म्हणाले, आणि उठून आले. वाटभर रडले.

काय ते खरं लिही.
गया

•

अंबरनाथ,
२ मे १९९२

ती. ताईस,
जयभीम.

मास्तर म्हणाले ते खरं आहे. कंपनीत मला कुणीही काही बोललं नाही. मॅनेजर साहेब फक्त एकदा मशीनपाशी थांबले आणि हसून म्हणाले की दहा तारखेला मी पहिल्या रांगेत आहे, तुमचा आवाज ऐकायचा आहे. ते कौतुक होतं की दम होता, मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून मी ज्याच्या त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. कडवं राहिलं तर नोकरी जाईल आणि नोकरी गेली तर आईचं औषध कुठून आणू, एवढंच डोक्यात होतं. तुझं नाव पुढे केलं, याची लाज वाटते. आईला अजून सांगितलेलं नाही.

कार्यक्रम रद्द करायला सांगू का?
सुदाम

•

कात्रप,
५ मे १९९२

चि. सुदाम यास,
गयाताईचा सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद, वि. वि.

रद्द वगैरे काही करायचं नाही. तुझी भीती मला कळते. टेंपररी माणसाच्या घरात मीही वाढले आहे. नोकरी सोड असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर त्याच्याशी भांडेन.

पण आपल्या पार्टीची रीत तू विसरलास. पुढच्याचा आवाज बसला, तर मागे झील धरणाऱ्याने कडवं उचलायचं, गाणं पडू द्यायचं नाही. म्हणून रविवारी मी बायकांबरोबर झीलकऱ्यांत उभी राहणार आहे. इतक्या वर्षांत गळा गंजला असेल, तरी एक कडवं निघेल. मी कुणाच्या कंपनीत कामाला नाही. मॅनेजर साहेबांना काय विचारायचं ते त्यांनी मला विचारावं.

त्या कडव्यापाशी तू खाली मान घालून गप्प बस. खोकल्याची उबळ आली असं दाखव, मी काही म्हणणार नाही. मात्र हात चालू ठेव. तू पेटी थांबवशील असा मला दाट संशय आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझा संशय खोटा ठरावा असं फार वाटतं.

थांबवलीस, तर मी बिनपेटीची म्हणेन. मग समोर बसलेल्या आईला कळेल, की कोण थांबलं.

तुझीच,
गयाताई