बाबागाडीवरची दोहर

माय, तुझी थोरली बोलतेय. लिहून घेतेय माझी सून, कारण शाळेच्या वयात तू मला धाकट्याच्या झोळीजवळ बसवलंस. मी ‘मले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते. लिहू दे, तेवढंच तिचं शिक्षण माझ्या कामी येतंय. परवापासून तिच्या पोटात धड दोन घास गेले नाहीत, नुसती सलाईनच्या नळीकडे बघत बसलीय. म्हणून मीच कागद मागवला, म्हटलं माझ्या मायला पत्र लिही. तिला वाटलं, म्हातारीलाही ऊन लागलं.

आम्ही मलकापूरच्या दवाखान्यात आहोत. खाटेवर तुझी पणती आहे, नऊ महिन्यांची, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तरी इकडे वळत नाही. डॉक्टर सकाळी म्हणाले, संध्याकाळपर्यंत आपणहून दूध ओढलं तर बरं. नाही ओढलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी एवढी तोंडाळ बाई, मीही विचारलं नाही. आत्ता दुपार आहे. चमच्यानं घातलेलं ओठाच्या कडेनं गळून जातंय.

तुला बाबागाडी माहीत नाही. चार चाकांवरचा पाळणा समज. आत लेकरू निजतं, मागून ढकलायचं. वर टप असतो, पण एवढासा, की ऊन कललं की पाय उघडेच. लेकानं अकोल्याहून आणली तेव्हा मी म्हटलं, बाजारातून नेशील तर बाया कांद्याचा भाव विचारतील. परवा तीच घेऊन आम्ही सासू-सुना लस टोचायला गेलो. रांगेत वेळ मोडला आणि परत निघायला भर दुपार झाली. सुनेनं लेकीच्या डोक्याला सुती टोपी घातली, टपाला आपली पातळ ओढणी बांधली, पुढून वारा यायला जागा ठेवली. मग तापाचं औषध घ्यायला ती दुकानात शिरली आणि गाडी धरून मी बाहेर उभी राहिले. ती परत आली तेव्हा पोर लालभडक झालेली, मान टाकलेली, अंगाला घामाचा टिपूस नाही. डॉक्टरांनी विचारलं, गाडीवर काय टाकलं होतं? चारी बाजूंनी झाकलं की आत भट्टी होते. सून म्हणाली, माझी ओढणी होती. माझा लेक, जो मुंगीलाही बाजूला हो म्हणतो, सगळ्यांसमोर तिला म्हणाला, “एवढी शिकलेली तू, अन् लेकरू कोंडून मारतं का?” मी पदर नीट करत होते.

माय, तुझ्याजवळ लुगड्याची झोळी होती आणि बांधावरचा निंब होता. तू निंदायला बसलीस की मी झोळीपाशी. सावली सरकली की तू निंदणीच्या पातीवरून उठून येतेस, झोळी सोडतेस, दुसऱ्या फांदीला बांधतेस, दुपारपर्यंत तीनदा. एकदा मला खेळायला पळायचं होतं, तर मी धाकट्यावर घोंगडीच पसरली. तू आलीस, घोंगडी ओढलीस. तो घामानं निथळत होता. खुरप्याच्या मातीसकट तुझा हात माझ्या गालावर बसला. मग त्याला ओल्या फडक्यानं पुसत म्हणालीस, “लेकराले सावली द्या लागते पोरी, झाकून नाही ठेवत. थे का भाकरीचं टोपलं हाय?” हे शहाणपण मी आळीतल्या सगळ्या बाळंतिणींना फुकट वाटलंय. कुणी मागितलं नाही तरी.

आणि परवा, सून दुकानात गेल्यावर, ऊन पोरीच्या पायांवर आलं. ती कुरकुरायला लागली. मी पिशवीतली पांघरायची दोहर काढली, दुहेरी केली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी बाजूंनी खोचली. पोर गप्प झाली. दुकानात गर्दी होती, मी शेजारच्या बाईला सांगत राहिले की आजीच्या हाताला लेकरं कशी पटकन निजतात. सून पायरीवर दिसली तेव्हा मी दोहर काढून घडी घातली, पिशवीत टाकली, आणि मग आत बघितलं.

इथं सुनेचा पेन थांबला. “आई, काय सांगून राह्यल्या तुम्ही?” म्हणाली. मी म्हटलं, “लिव. ओढणीनं काही झालं नाही. लिव थे.”

ती लिहितेय. मान वर करत नाही. माय, तू कधीची गेलीस, हे पत्र तुला पोचायचं नाही, तुला ते लागतही नाही. तिच्या तोंडाकडे बघून मला बोलता आलं नसतं, म्हणून तुझं नाव घेतलं. लेक डबा घेऊन येईल, त्याला हे तिनं वाचून दाखवावं. तिनं नाही दाखवलं, तर मी आपणहून सांगेन का, ते मला आत्तासुद्धा ठाऊक नाही.