मिलोयेची बरणी

डोन्या रेका, सर्बिया

देसांका आई,

आपल्या दोन्ही पोरांना जन्मापासून साखर पचत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. धाकट्याला एकच लस दिली नाही, ती तोंडात थेंब घालायची, कारण त्या थेंबांत साखर असते. बाकीच्या सुया डॉक्टरांनी पाहून-तपासून टोचल्या. तरी तुम्ही गावभर सांगत सुटलात, "आमच्या सूनबाई फार शिकलेल्या, पोराला लसच देत नाहीत!"

डॉक्टरांनी विचारलं होतं, "हे आईबाप दोघांच्या रक्तातून येतं. अशा बाळाला साखरेसारखा मधही विषच. सासरी कुणी तान्हं मूल गेलंय का?"

मला तुमचा पहिला मुलगा आठवला, मिलोये. तुम्हीच सांगता ना, "सारखा ओकायचा, पिवळा पडला होता, पण शेवटपर्यंत मी त्याला मध चाटवला गं!"

हे मी सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. घरी येऊन मी तुम्हाला यातलं काही सांगितलं नाही.

तेव्हा म्हणा मला काय म्हणायचं ते. हा कागद मी चुलीत घालणार आहे.

शनिवारी मेलेल्यांचा दिवस. मिलोयेच्या थडग्यावर ठेवायला तुम्ही मधाची बरणी काढाल. वाट चढणीची आहे, तुमचे गुडघे दुखतात.

बरणी मी घेईन.

तुमची सून,
वेरिका