अंगावरचं दूध आणि मोगऱ्याचा पुडा

मुक्काम उमापूर, ज्येष्ठ शुद्ध दशमी, सन १३३१ फसली (इंग्रजी सन १९२२)

तीर्थस्वरूप सौ. वच्छलाबाई अक्का यांचे चरणी धाकटा भाऊ उत्तरेश्वर याचा शिरसाष्टांग नमस्कार. आपण, भाऊजी आणि आष्टीकर सर्व लहानथोर खुशाल असाल, भाऊजींच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि विहिरीत अजून मोटेपुरतं पाणी असेल असं धरून चालतो. (मोठ्यांना 'आपण' लिहावं हे गेवराईच्या मास्तरांनी छडी मारून शिकवलं. नमस्कारापुरतं पाळलं. आता तू.)

तू निरोप धाडलास की पोराची खुशाली सविस्तर कळव. सविस्तर म्हणजे पत्र लांबणार. तुला वाचता येत नाही, भाऊजी मोठ्यानं वाचणार आणि शेजारच्या बाया चौकटीला टेकून ऐकणार. अशा पत्रात बाईमाणसांच्या गोष्टी लिहायच्या म्हणजे माझ्यासारख्या गावच्या पाटलाची मोठी पंचाईत आहे. (भाऊजी, पहिली विनंती, दार लावून घ्यावं. दुसरी, मी जिथं कंस घातला आहे तिथं आवाज खाली आणावा.)

पोर श्रावणात झालं हे तुला ठाऊकच आहे. त्याआधीची बारा वर्षंही ठाऊक आहेत. लिंबागणेशाला नवस, पिंपळाला फेऱ्या, गंडे, ताईत, सोमवार, शनिवार, सगळं झालं. एका बुवानं तुझ्या भावजयीसाठी दिलेली राख मी दंतमंजन समजून आठ दिवस घासली, आणि नवव्या दिवशी आईनं मला ज्या नजरेनं बघितलं ती मी अजून विसरलो नाही. पण पोर होणं निराळं आणि त्याला पाजणं निराळं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाय व्याली की दूध येतं, त्यात एवढं काय, अशी माझी समजूत.

सारजा सुईणीनं पहिले तीन दिवस चीक पिळून टाकायला लावला आणि पोराला गुळाचं पाणी बोटानं चाटवलं. चौथ्या दिवशी छातीशी धरलं तर पोर तोंडच लावीना. रडून रडून काळंनिळं झालं. तुझ्या भावजयीची छाती ठणकून दगडासारखी झालेली, अंगात ताप, आणि खोलीत आई, सारजा आणि गल्लीतल्या सात जणी. एक म्हणे आडवं धर, दुसरी म्हणे उभं, तिसरी म्हणे आधी दृष्ट काढा. दूध नीट उतरावं म्हणून आईनं कंबर कसली. आळिवाची खीर, बाळंतशेपा, खसखस, डिंकाचे लाडू. बाळंतिणीला एवढं जाईना, आणि उरलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून ते माझ्या ताटात. माझ्या अंगरख्याचे बंद बांधता येईनात. चावडीवर लोक विचारायला लागले, पाटील, नक्की बाळंत कोण झालंय?

शेवटी सहाव्या दिवशी काय झालं ते ऐक. जिनं बारा वर्षांत या घरात कुणाला उलट उत्तर दिलं नाही, तिनं सात बायांना, सारजाला आणि खुद्द आईला हात जोडून बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. आई ओसरीवर येऊन बसली. मी आधीपासून बसलेलाच होतो. दिवसभर आतून पोराचं रडणं आणि तिचं हळू आवाजातलं काहीतरी बोलणं एवढंच ऐकू येत होतं. दिवेलागणीला रडणं थांबलं आणि घुटक्यांचा आवाज आला. अक्का, मी तिथंच रडलो. तंबाखू डोळ्यात गेली असं आईला सांगितलं. आईच्या डोळ्यातही तंबाखू गेली होती, आणि ती तर तंबाखू खात नाही.

तुझ्या मागच्या बाळंतपणात ही महिनाभर आष्टीला राहिली होती, आठवतं ना? वांझ बाईची सावली नको म्हणून पाचवीच्या पूजेला हिला पडवीत बसवलं होतं. (कुणी बसवलं ते लिहीत नाही. भाऊजींना त्यांच्या मातोश्रींविषयी आदर आहे आणि मलाही आहे.) तू पूजा झाल्यावर उठून गेलीस आणि पोर हिच्या मांडीवर ठेवलंस. ही मला तेवढंच सांगते. पडवीचं कधी सांगत नाही, ते मला गाडीवानाकडून कळलं. माझी बायको आहे म्हणून म्हणत नाही, पण एवढं मोठं काळीज मी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही.

तर दूध आलं, आणि असं आलं की पोराला दोन हनुवट्या झाल्या. आता सगळं सुरळीत चालावं की नाही? पण पाडवा झाला आणि आईनं माझ्यामागं दुसराच लकडा लावला. पोर आठ महिन्यांचं झालं, आता दूध तोडा. का, तर पोर अंगावर पितं तोवर बाईला दिवस राहत नाहीत. बारा वर्षांनी एकदा तवा तापलाय तोवर दुसरी भाकरी टाकून घ्यावी. आईचं चुकतं असं मला म्हणवत नाही. मानमोडी तापाच्या साथीत आपले दोघे थोरले भाऊ आठवड्याच्या आत गेले, त्याला चार वर्षं झाली. एकावर विसंबून राहायचं धाडस तिच्यात उरलेलं नाही. ती पोराच्या नुसत्या शिंकेनं उठून बसते.

आणि तुझ्या भावजयीलाही दुसरं नको आहे असं नाही. तिशी उलटली, वर्षं काही थांबत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एकदा पाजता पाजता मला म्हणाली, "आवो, दूध तोडलं तर खरंच राहतं का वो?" मी पाटील. बांधाचे तंटे मिटवले, बैलचोर धरले, पण याचा निकाल माझ्याकडे नव्हता. मी म्हटलं, लोक म्हणतात. तिनं पोराच्या टाळूवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मला बी पायजे. पर ह्याच्या तोंडातलं काढून न्हाई. यायचं आसंल त्यानं ह्याच्या मागं हुबं ऱ्हावं." झालं. तालुकदारसाहेबाच्या हुकमात फिरवाफिरव होईल, हिच्यात नाही. (बाकी त्या बाबतीत आम्ही उभयतां हातावर हात ठेवून बसलो होतो असं नाही. भाऊजी, कंस!)

सुनेपुढं चालेना, तेव्हा आईनं गनिमी कावा केला. मी तहसीलच्या कामाला गेवराईला निघालो तर मला बाजूला घेऊन म्हणाली, "येताना मोगऱ्याची फुलं आण. ओंजळभर. आन् सुनंला बोलू नकू." मला वाटलं नवसाचं काही असेल. खाजामियाँ फळवाल्याकडे उन्हाळ्यात मोगरा असतो. तो मला बारा वर्षं ओळखतो, आणि बारा वर्षांत मी त्याच्याकडून खरबुजापलीकडे काही घेतलेलं नाही. म्हणाला, "पाटील साब, इत्ता मोगरा किसके वास्ते?" मी म्हटलं, देवाला. "हौ, हौ, देवाला," म्हणत त्यानं वर आणखी दोन ओंजळी टाकल्या आणि शेजारच्या दुकानदाराला डोळा घातला. ऊन रणरणतं, फुलं कोमेजतील म्हणून पळसाच्या पानातला ओला पुडा मी पटक्यात खोवला. अर्ध्या वाटेपासून दोन मधमाश्यांनी उमापूरच्या वेशीपर्यंत मला सोबत केली. तट्टू माझ्याआधी घरी पोचलं.

घरी आलो तर आई मारुतीला गेलेली. पटका सोडला, पुडा खाली पडला, आणि तुझ्या भावजयीनं तो उचलून उघडला. तिनं फुलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. बारा वर्षांत मी तिला अंगारे आणले, मुळ्या आणल्या, कडू काढ्यांचे बुधले आणले. फूल एकदाही आणलं नव्हतं. 'देवाची आहेत' हे शब्द अगदी जिभेवर आले होते, पण तिचा चेहरा बघितला आणि मी ते गिळले. तिनं तिथंच बसून गजरा गुंफला आणि भर दिवसा माळला.

आई परत आली, बघितलं, आणि "चांगला दिसतोय" एवढंच म्हणाली. मग मला गोठ्यात बोलावून विचारलं, बापानं तुला अक्कल दिली होती ती कुठं ठेवलीस. तेव्हा कळलं की मोगरा ठेचून छातीला बांधला म्हणजे पाच दिवसांत दूध आटतं. औषधाचा मी शृंगार करून ठेवला होता! आईनं हार मानली नाही. त्यानंतर मला तीनदा मोगऱ्याला पिटाळलं, आणि तिन्ही वेळा आई बघायच्या आत पुडा हिच्या हाती लागला. आईला सुनेसमोर मागता येईना, मला खरं सांगता येईना, आणि तुझ्या भावजयीला वाटे, नवऱ्याला उशिरा का होईना अक्कल आली. मला मोगऱ्याचा पाटील असं गावात म्हणायला लागले आहेत.

आता खरी बातमी. परवा सारजा पोराला तेल लावायला आली आणि हिच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाई, दोन म्हयने झाले जणू. तुमाला कावून कळलं न्हाई?" बाळंतपणापासून विटाळ असा आलाच नव्हता, मग कळणार कशावरून? तर अक्का, दूध चालू असतानाच तुला दुसरा भाचा किंवा भाची येणार आहे. आईचं औषध लागू पडलं, फक्त बांधायची जागा बदलली. (भाऊजी, हे वाक्य गाळलंत तरी चालेल.)

ही आधी हसली, पदरात तोंड लपवलं. मग मांडीवरच्या पोराकडे बघितलं आणि म्हणाली, "मग ह्याचं दूध?" सारजा म्हणाली, तोडायला लागतंय, गरवार बाईचं दूध पोराला बाधतं, मुडदूस होतो. ज्या दिवशी तिनं बारा वर्षं मागितलेलं दुसऱ्यांदा पदरात पडलं, त्या दिवशी ती जेवली नाही. आनंद आणि रडू एकदम आलं तर माणसानं कुठं बसायचं हे मला समजत नाही, म्हणून मी हे पत्र लिहायला बसलो.

कळावे. लोभ आहेच. तो आहे तितकाच ठेव, वाढला की तू सल्ले द्यायला लागतेस.

तुझा,
उत्तरेश्वर

ता. क. पत्राचं खरं कारण वर लिहायचं राहिलं. आईला अजून बातमी सांगितलेली नाही. सांगितली की दूध त्याच दिवशी बंद होणार, आणि आई जगात फक्त तुझं ऐकते. तेव्हा भाऊजींच्या हातून आईच्या नावे एक पत्र धाड, की तू तुझ्या धाकट्याच्या वेळी पोटुशी असताना मधल्याला पाच महिने पाजलंस आणि त्याला काही एक झालं नाही. खरं असेल तर उत्तम. खरं नसेल तर जरा जास्त ठासून लिही.

आणखी ता. क. वरचं काही धाडू नकोस. पत्र बंद करण्याआधी मी तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझ्या लेकराच्या दुधासाठी अक्कांना खोटं बोलायला लावायचं नाही. आणि उठून सरळ आईपुढं जाऊन उभी राहिली आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या, दिवस गेलेत आणि दूध तोडणार नाही. मी ओसरीवरच्या खांबाला धरून उभा होतो.

आई जोंधळे निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "ह्या उत्तऱ्याच्या वक्ती मला दिस गेलते तवा वच्छी अंगावर व्हती. सासूनं सांगितलं, तोड. मी व्हय म्हणलं आन् कडब्याच्या गंजीआड नेऊन पाजत व्हते. सातव्या म्हयन्यापोतर." मी म्हटलं, मग आई, दोन महिने माझ्या मागं का लागली होतीस? तर म्हणते, "सासूनं सांगायचं आसतं. ऐकायचं का न्हाई ते सुनंनं बघावं. मी काय तिचं लेकरू हिसकून घेतलं का?" मग तिनं सूप बाजूला ठेवून सुनेच्या पोटावर हात ठेवला आणि मला तिथून घालवून दिलं. चुलीपाशी दोघी खूप वेळ बोलत होत्या. मला अर्धवट ऐकू आलं, पण तेवढ्यानंही माझ्या डोळ्यात परत तंबाखू गेली.

आता विनंती राहिली एकच, आणि ती माझी नाही. तुझ्या भावजयीला आईचा शब्द पटलाय, पण तिचं आईचं मन आहे, पूर्ण निवांत होईना. म्हणते, गरवार बाईच्या दुधावर वाढलेलं माणूस मला एकदा नीट बघायचंय. तिनं तुला शंभरदा बघितलंय, पण तेव्हा हे ठाऊक नव्हतं. तेव्हा पेरण्या लागायच्या आत आठ दिवस ये. काम काही करायचं नाही. ती तुझे दात मोजील, दंड चाचपून बघेल, मोजू दे. सकाळच्या उन्हात तिच्यासमोर नुसती बसून राहा, आणि ती तुझ्याकडे बघत पोराला पाजत असेल तेवढा वेळ उठू नकोस.