सुधीरचं जाकीट

शनिवार, १७ सप्टेंबर २०१६

आमच्या मित्रांनी, मेधा आणि विनयने, भाड्याने घेतलेल्या लांबट बोटीतून आम्ही चौघं दिवसभर कालव्यावर रेंगाळलो. कुणालाच घाई नव्हती. लॉकमध्ये, म्हणजे कालव्यातल्या दोन दरवाजांमधल्या कप्प्यात, पाण्याबरोबर बोट हळूहळू खाली गेली, तेव्हा त्या ओल्या भिंतींच्या सावलीत मी कुडकुडले. सुधीरने लगेच जाकीट काढून माझ्या खांद्यांवर टाकलं. मेधा म्हणाली, "विनय, शिक काहीतरी! लग्नाला तीस वर्षं झाली, तरी बघ कसा जपतो बायकोला." सुधीर गोड हसला. मीही हसले. दुसरं काय करणार?

मग गाडीने आम्ही दोघं वॉनला आमच्या घरी परतलो. ड्राइव्हवेत गाडी थांबवून सुधीर म्हणाला, "जाकीट." मी काढून दिलं. तो खाली बेसमेंटमध्ये गेला. आठ वर्षं झाली, तिथेच झोपतो. मेधाला हे कसं सांगू? आणि सांगून तरी काय होणार?

आत्ताच तिचा फोन आला. पुढच्या सप्टेंबरसाठी बोट बुक करू का, म्हणून. मी मूर्खासारखं लगेच हो म्हटलं. जाकीट खांद्यांवर पडलं, तेव्हा त्यात त्याच्या अंगाची ऊब होती.