आईचा लाल पोशाख

हॅलिफॅक्स,
९ जानेवारी १८८४

प्रिय डॉर्कसताईस,
लेटीचा प्रेमाचा नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. भावोजींचा खोकला थांबला का? रविवारचे भाजलेले मटण घरचे कर्ते म्हणून एडविन कापायचे, आता मी कापते. पहिल्यांदा चिंधड्या झाल्या. आता काप नीट पडतात.

विनीचे लग्न ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीसच होईल. तिच्या वडिलांना जाऊन तीनच महिने झाले, म्हणून सासूबाई वर्षभर थांबा म्हणत होत्या. पण आल्फ्रेडला फेब्रुवारीत नोकरीसाठी समुद्रापार कॅनडाला निघायचे आहे. तो एकटा गेला तर पोरगी इथे झुरत बसेल. आताच ती फारशी बोलत नाही.

"आणि तू सुतकाच्या काळ्या कपड्यांत चर्चमध्ये उभी राहणार?" सासूबाईंनी विचारले.

"काळ्यात नाही, आई. लेकीच्या लग्नापुरतं एक दिवस गडद लाल घातलं तर चालतं."

"ते चालतं गं. पण नवरीला हात धरून नवऱ्यापर्यंत नेणार कोण? बाप नाही, काका नाही."

"मीच नेईन."

"बाईमाणूस?"

"मटण कापतेच की."

त्यांनी विणकाम मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "हातमोजे तरी पांढरे घाल."

आपल्या आईचा गडद लाल रेशमी पोशाख तुझ्या पेटीत आहे, तो लगेच पाठव. माझ्यासाठी कंबरेत उसवून वाढवू नकोस, ताई. आता तो मला सैलच होईल.

मुलांना पापे.

तुझीच,
लेटी