खांदमळणीचा मान

आबा, आज दुपारी धाकटा लिंबाखाली बाजेवर झोपला होता आणि मी ओसरीत बसून त्याच्याकडे बघत होतो. तोंड उघडं, एक पाय खाली लोंबतोय, घोरणं पिठाच्या गिरणीसारखं. अंगावर माश्या बसतात, नातवंडं बाजेभोवती शिवाशिवी खेळतात, तरी हा गडी कूस बदलत नाही. तुम्ही असेच झोपायचात. मला त्याच्या शेताचा, त्याच्या लेकरांचा कधी हेवा वाटला नाही, पण झोपेचा वाटतो. इतका की उठून बाज गदागदा हलवावी असं मनात आलं. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या पोटात दुखतं.

हे दुखणं जुनं आहे. सैन्यभरतीत माझं नाव लागलं तेव्हा तुम्ही परभणीहून माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलंत. त्याच संध्याकाळी धाकट्याला गोठ्यात बोलावून म्हणालात, "आजपसून जोडी तुज्या हवाली." गाव मला खांद्यावर घ्यायचं बाकी होतं, आणि मी घड्याळाला चावी देत बैलांकडे बघत होतो. वासरं होती तेव्हापासून मी त्यांना पाजलं, चारलं, गाडीला शिकवलं. सोनपेठचा बाजार करून तुम्ही गाडीत कडब्यावर आडवे व्हायचात ते थेट दारात उठायचात. वाट गोदावरीच्या काठानं, आई चिडायची, "एखाद्या दिशी गंगेत नेऊन घालतील, मग कळंल." तुम्ही हसायचात, "आगं, बैलाला घर कळतंय. मान्सालाच कळंना." आम्ही दोघं भाऊ लहानपणी तुमच्या दोन कुशींत झोपून किती वेळा आलो असू. हाकणारा झोपलेल्या गाडीची चालच वेगळी. ना हाक, ना कासऱ्याचा ओढा, बैल आपल्या मनानं, एका लयीत चालतात. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ती चाल लांबून ओळखता येते.

लंकेतून पहिल्यांदा रजेवर आलो तो नेमका पोळ्याच्या आदल्या दिवशी. पूर्णेला गाडी बदलली, पुढं एस्टी, घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तुम्ही हळद-लोण्याची वाटी माझ्या हातात दिलीत. आपल्या घरात खांदमळणीचा मान थोरल्या मुलाचा. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेला बैलाचा खांदा लोण्यानं चोळायचा आणि त्याला जेवणाचं आमंत्रण द्यायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी नसताना तुम्ही स्वतः मळत होतात, पण मान धाकट्याला दिला नव्हता. त्या संध्याकाळी धाकटा वेसण धरून उभा होता. मी हात पुढे केला, बोटं त्या घट्ट्याला लागली आणि मी झटकन मागे सरलो. वाटी पडली. मी कडब्याच्या गंजीमागे पळालो आणि ओकलो. तोंड पुसून परत आलो तर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "फौजेची भाकर खाऊन लय मोटा जालास व्हय रं? बैलाची घान वाटायली तुला? धाकट्या, दुसरी वाटी आन. आजपसून मान तुजा."

धाकट्यानं खांदे मळले. काय मळले, आबा! बैलानं डोळे मिटून मान त्याच्या अंगावर टाकली. मी खांबाला टेकून उभा होतो आणि मला वाटत होतं, याच्या एक थोबाडीत द्यावी. त्या बिचाऱ्यानं माझं काहीएक बिघडवलं नव्हतं.

माझ्या हाताला काय झालं होतं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. शांतिसेनेतून लंकेत गेलो तेव्हा एका गावाबाहेर आमची चौकी होती. संचारबंदी लागलेली. बंडखोर गाड्यांतून स्फोटकं आणतात, थांबली नाही तर सोडायची नाही, असं साहेबांनी बजावलेलं. पहाट फुटली आहे, रस्ता लख्ख दिसतो आहे आणि एक बैलगाडी येते आहे. आम्ही ओरडतो. गाडी थांबत नाही. पुन्हा ओरडतो. माझ्या शेजारचा एक जण डोंगराळ मुलखातला, दुसरा शहरातला, त्यांनी बैलगाडी सिनेमात बघितलेली. बंदुकीवर मी आहे. गाडी त्याच एका लयीत पुढे येते आहे. आबा, मी ती चाल ओळखली. हाकणारा झोपलाय, हे मला कळलं. कळूनही भीतीनं बोट दाबलं गेलं. दाबलं गेलं असं कशाला म्हणू, मी दाबलं.

म्हातारा कांद्याच्या पोत्यांवर आडवा होता, एक हात उशाला घेतलेला. त्याला जागसुद्धा आली नाही. एक बैल कोसळला होता, दुसरा जुवाखाली तसाच थरथरत उभा. साहेब म्हणाले, तू शेतकऱ्याचा पोरगा ना, सोडव त्याला. मी जू काढलं तेव्हा त्याच्या खांद्याला हात लागला. आपल्या बैलांना असतो तसाच घट्टा. मोकळा झाल्यावर तो माझा हात चाटायला लागला. पोत्यांत कांद्याशिवाय काही निघालं नाही. मला कुणी बोल लावला नाही. हुकमाप्रमाणे झालं म्हणाले, चहा दिला. कुणी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. बाकीच्यांना कळायचं कारण नव्हतं. मला होतं.

हे तुम्हाला सांगायचं ठरवून मी दर रजेला येत होतो. पण येऊन बघावं तर तुम्ही आणि धाकटा गोठ्यात कशावरून तरी खिदळताय. त्याला तुम्ही शिव्या घालायचात, मला मात्र प्रवास कसा झाला म्हणून विचारायचात. पाव्हण्याला विचारतात तसं. तुमच्या एका शिवीसाठी मी तरसलो हो. बाजारातून तोही आता तुमच्यासारखा गाडीत झोपून यायला लागला होता. एकदा मी बरोबर होतो. मी सगळी वाट ताठ बसून कासरा गच्च धरून आलो आणि हा शेजारी घोरत होता. त्या दिवशी जेवढा जळलो तेवढा कधी जळलो नाही.

मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदललं त्या हिवाळ्यात तुम्ही अंथरूण धरलंत. मी रजा काढून आलो. त्या दिवसांत बंद-दगडफेकीमुळे एस्टीचा भरवसा नव्हता, म्हणून धाकटा दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन डॉक्टरला आणायला सोनपेठला गेला. आई मागे चुलीपाशी पाणी तापवत होती. उशाशी मी एकटा. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, अंगात ताप. तुम्ही चाचपून माझा हात धरलात.

"धाकट्या, बैलाला पानी दावलं का?"

"दावलं, आबा," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. तुमचा आवाज इतका मऊ होता की मला तो सोडवेना.

"थोरल्यावर रुसू नको. त्यो गर्वानं न्हाई सरला मागं, भेला हुता. म्या उगंच बोललो त्येला. तिकडं कायतरी जालंय त्येच्या हातनं. त्यो सांगणार न्हाई, तू इचारू बी नको. पर हळूहळू त्येला बैलापशी नेत जा. त्येला एकटं सोडू नको."

"व्हय, आबा."

डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं, आबा. जे ऐकायला मी वर्षानुवर्षं जीव टाकला ते तुम्ही बोललात, पण धाकट्याला समजून. माझ्याबद्दलची माया त्याच्या स्वाधीन केलीत. जोडी त्याला, खांदमळणीचा मान त्याला, आणि शेवटी मीसुद्धा त्यालाच. तुमच्या मढ्यापाशी मी हमसून रडलो ते लोकांना दुःख वाटलं. ते होतंच, पण अर्धा जळफळाट होता.

आज झोपून उठल्यावर चहा पिताना त्यानं पुन्हा तेच विचारलं. दर थोड्या दिवसांनी विचारतो. "दादा, आबा जाताना तुज्यापशी काय बोलले?"

"बैलाला पानी दावलं का म्हनले."

"आन काय?"

"तेवडंच."

"तुजं नशीब बग," तो म्हणाला. "जलमभर उशापायथ्याला मी, आन शेवटचा सबद तुला."

निरोप त्याचा आहे, मला कळतं. दिला तर तो आत्ता माझं मनगट धरून गोठ्यात नेईल. या वयातही हट्टानं त्यानं एक जोडी ठेवली आहे. तो तसाच आहे, तुमच्यासारखा. तुम्हाला लिहिलेले हे कागद त्याच्या हाती लागू नयेत म्हणून उद्या चुलीत घालीन. आबा, 'शेवटचा सबद तुला' म्हणताना त्याचं तोंड एवढंसं होतं. साऱ्या जन्मात तो माझ्यावर जळतो ते तेवढ्या एका गोष्टीसाठी, आणि ते बघून मला बरं वाटतं.